स्टेटस चोवीस तासांचं, दप्तर कायमचं

गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीत आमच्या ऑफिससमोरच्या टपरीवर दोन पोरं मला शोधत आली. दोघंही डिप्लोमाची. त्यातला एक शेजारच्या फौंड्रीत ट्रेनिंगला आहे, म्हणून तोंडओळख होती. "भाई, आम्ही विद्यार्थी संघटना काढलीय. इन्स्टाला पेज केलंय. लोगो तेवढा करून द्या की."

किती जण आहात, मी विचारलं. "ग्रुपवर 214." कशासाठी काढली? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अन्याय होतोय की भाई." कुणावर, कधी, कुठल्या ऑफिसात, असं विचारत गेलो तशा गोष्टी बाहेर आल्या. स्कॉलरशिप अडकलीय. प्रॅक्टिकल संपतं आणि शेवटची बस निघून गेलेली असते. हॉस्टेल सोडलं तरी डिपॉझिट परत मिळत नाही. सगळं खरं होतं. पण किती जणांची स्कॉलरशिप अडकली, कोणत्या टेबलावर अडकली, अर्ज कुणी कधी दिला, त्याची पोच कुठे आहे, यातलं एक अक्षर त्यांच्याकडे लिहिलेलं नव्हतं. पेजवर मात्र 19 रील होत्या. एका रीलला चार हजार व्ह्यू, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी लोगो करून दिला नाही. म्हणालो, आधी एक शीट करून आणा, मग बघू. पोरं हिरमुसली. त्यांना जे टपरीवर नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. कारण ही दोन पोरं काही वेगळी नाहीत. आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक कॉलेजात अशी दोन पोरं आहेत आणि त्यांचं एक पेज आहे.

माझी गोष्ट सांगतो. 2011-12 ला मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा फॉर्म तेव्हा कागदावर भरून कॉलेजच्या खिडकीत द्यायचा असे. जानेवारीत चौकशीला गेलो तर खिडकीतून उत्तर आलं, "तुमचा फॉर्म उशिरा आलाय." उशिरा नव्हता आला. पण मी वेळेत दिला याचा पुरावा काय? काहीच नाही. वडिलांचं पंक्चरचं दुकान. फीचा दुसरा हप्ता कुठून आणायचा याची घरात रोज कुजबुज चालायची, मी आत आलो की थांबायची.

आमच्या वर एक वर्ष एक सीनियर होता. भाषण जमत नसे, दोन माणसांसमोर बोलतानाही अडखळायचा. पण त्याच्याकडे 200 पानी वही होती. ज्या दिवशी पोरं फॉर्म द्यायला जात, त्या दिवशी तो बरोबर जायचा आणि विचारायचा, "आवक नंबर मिळेल का सर?" नंबर मिळाला की वहीत नाव, वर्ग, तारीख, आवक क्रमांक. माझंही नाव त्यात होतं, हे मी विसरून गेलो होतो. त्यानं 14 जणांची यादी काढली, सगळ्यांच्या तारखा मुदतीच्या आतल्या. एक अर्ज, खाली 14 सह्या, सोबत यादी. प्राचार्यांनी आवक रजिस्टर मागवलं. वहीतले नंबर आणि रजिस्टरमधले नंबर एकच निघाले. गठ्ठा दुसऱ्या कपाटात पडून होता. पैसे आले, मार्चमध्ये.

त्या 14 जणांत आम्ही मुसलमान नऊ होतो. बाकी पाच जैन. आवक नंबरला धर्म नसतो, हे मला तेव्हा कळलं.

आता मी फौंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. शिरोलीत ज्यांची कामं असतात त्यांना माहीत आहे, भट्टीतून निघालेल्या प्रत्येक लोखंडाला हीट नंबर असतो. उद्या एखादं कास्टिंग गिऱ्हाइकाकडून रिजेक्ट होऊन परत आलं, तर त्या नंबरावरून मागे जाता येतं. कोणत्या पाळीत ओतलं, चार्जमध्ये काय होतं, स्पेक्ट्रोचा रिपोर्ट काय, वाळू कशी होती. नंबर नसेल तर मिटिंगमध्ये फक्त आरडाओरडा होतो. मोल्डिंगवाला मेल्टिंगवाल्यावर ढकलतो, तो पॅटर्नवाल्यावर. कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थ्याच्या तक्रारीचं अगदी हेच होतं. तिला हीट नंबर नसतो.

विद्यार्थी संघटनेनं वेब कशासाठी वापरायचं, या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. आधी दप्तर म्हणून. भोंगा म्हणून नंतर, आणि गरज पडली तरच.

हे महाराष्ट्रात जास्त महत्त्वाचं का, ते बघा. दिल्लीत किंवा केरळात कॉलेजच्या पोरांना निवडून आलेली युनियन काय असते ते ठाऊक आहे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, नव्वदच्या दशकात खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं गुणवत्तेवर नेमलेली विद्यार्थी मंडळं आणली. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात निवडणुका परत आल्या, पण कागदावर. 2019 मध्ये त्या होणार होत्या, विधानसभा निवडणुकीमुळे लांबल्या, मग कोरोना आला. म्हणजे माझ्या पिढीतल्या कुणीही कॉलेजात मत टाकलेलं नाही. आमच्यासाठी "विद्यार्थी नेता" म्हणजे कुठल्यातरी पक्षाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात गॉगल लावून उभा असलेला मुलगा.

ही रिकामी जागा इंटरनेटनं भरली. ती कशी भरली, याची दोन उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोरची आहेत.

31 जानेवारी 2022. दहावी-बारावीची परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून धारावीत, तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराबाहेर पोरांचा मोठा जमाव जमला. बोलावलं कुणी? "हिंदुस्तानी भाऊ" या नावानं इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकणाऱ्या एका माणसानं. ना संघटना, ना निवेदन, ना चर्चेला जाणारे पाच प्रतिनिधी. लाठीमार झाला. भाऊला दुसऱ्या दिवशी अटक झाली. परीक्षा व्हायची तशीच, वर्गात बसून झाली. त्या पोरांच्या मनातली भीती खरी होती, दोन वर्षं त्यांचे वर्ग नीट भरलेच नव्हते. पण ती भीती कागदावर कुणी उतरवली नाही.

दुसरं उदाहरण पुण्याचं. ऑगस्ट 2024 मध्ये एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकेची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी, 25 तारखेला आली. पोरं शास्त्री रोडवर बसली. हाक इथेही टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरूनच फिरली. पण मागणी एका ओळीत मावणारी होती आणि पुरावा छापील होता. दोन वेळापत्रकं, एकच तारीख. 22 ऑगस्टला आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. त्याआधी मार्च 2021 मध्येही, परीक्षेला तीन दिवस उरले असताना ती लांबवली म्हणून पोरं रस्त्यावर आली, आणि दुसऱ्याच दिवशी 21 मार्च ही नवी तारीख जाहीर झाली.

माध्यम दोन्हीकडे एकच. पहिल्या ठिकाणी गर्दी होती, दुसऱ्या ठिकाणी गर्दीच्या हातात कागद होता.

कागद असला की जिंकतोच असं मी म्हणत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 2015 साली विद्यार्थ्यांचा संप 139 दिवस चालला. तिथे विद्यार्थी संघटना होती, तिचं फेसबुक पेज होतं, त्यावर निवेदनं यायची, देशभरातून पाठिंबा आला. तरी ज्या अध्यक्षांच्या नेमणुकीला विरोध होता ते जानेवारी 2016 मध्ये खुर्चीवर बसलेच. सरकारनं ठरवलं की ऐकायचं नाही, तर कुठलंही पेज उपयोगाचं नाही. पण पोरं काय म्हणत होती आणि का म्हणत होती, ते आजही सापडतं.

आता आपल्याबद्दल. म्हणजे या मासिकाचे जे वाचक आहेत त्यांच्याबद्दल.

2 जून 2014. माझं शेवटचं वर्ष, परीक्षा संपत आलेल्या, पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात. त्या दिवशी रात्री हडपसरमध्ये मोहसीन शेख मारला गेला. सोलापूरचा मुलगा, 28 वर्षांचा, आयटीत नोकरी. फेसबुकवर कुणीतरी महापुरुषांची विटंबना करणारे फोटो टाकले होते, त्यावरून शहर पेटलेलं. मोहसीनचा त्या पोस्टशी काहीही संबंध नव्हता. नमाज पढून परत येत होता. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर दाढी, एवढंच. 2023 च्या जानेवारीत कोर्टानं पुराव्याअभावी आरोपींना सोडून दिलं. आई मला तेव्हा एवढंच म्हणाली, "पुने कू जाना जरूरी है क्या रे?" मी गेलो. पण पहिला महिनाभर कंपनीच्या बसमध्ये मी फोन उघडला नाही. उघडला तर कुणाला काय दिसेल, याची भीती.

मग 2023 चा जून. कोल्हापुरात काही पोरांनी स्टेटस ठेवलं. 7 तारखेला शहर बंद, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. मी शिरोलीत होतो. दुपारी नेट गेलं, सर्व्हरला जोडता येईना, फोन तेवढे लागत होते. ज्या दुकानांच्या काचा फुटल्या, त्यांच्या मालकांनी ते स्टेटस बघितलंही नसेल. आणि ज्यांच्यावर स्टेटसचे गुन्हे नोंदले गेले त्यांत अल्पवयीन पोरं होती. बारावीनंतरच्या प्रवेशांचे दिवस होते ते. एकाला कागदपत्रं अपलोड करायची होती, एकाला निकाल बघायचा होता. सगळ्या जिल्ह्याचं काम अडलं, सगळ्या जातीधर्माच्या पोरांचं.

ते स्टेटस मूर्खपणाचं होतं, हे मी इथे आपल्याच मासिकात लिहितोय. दगड मारणारे गुन्हेगार आहेत, हेही लिहितोय. एकानं दुसऱ्याचं माफ होत नाही. पण पोरांशी बोलताना मी नीतीच्या गोष्टी सांगत नाही, एमआयडीसीची सांगतो. चांगल्या कंपनीत कायम करताना पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागतात. पासपोर्टलाही तेच. स्टेटस चोवीस तासांनी जातं, गुन्ह्याची नोंद राहते. कलमांचे नंबर बदललेत, जुनं 153-अ आता भारतीय न्याय संहितेत 196 झालंय, पण पोलीस ठाण्याच्या फेऱ्या त्याच आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर सगळेच फोन बंद करून बसतील. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्याबद्दल साधा प्रश्न विचारला होता, शिवी नव्हती. त्या अटकेमुळे श्रेया सिंघल नावाची दिल्लीची तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि 24 मार्च 2015 ला आयटी कायद्याचं कलम 66-अ रद्द झालं. आपल्या महाराष्ट्रातल्या दोन मुलींच्या पोस्टवरून देशाचा कायदा बदलला. बोलण्याचा हक्क आहे. मी एवढंच म्हणतो की तो हक्क स्टेटसवर उधळू नका.

मुलींचा विषय वेगळाच आहे. 1 जानेवारी 2022 ला "बुली बाई" नावाचं ॲप निघालं, मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा "लिलाव" मांडणारं. ज्या गिटहबवर मी रोज कोड ठेवतो, त्याच गिटहबवर ते होतं. मुंबई पोलिसांनी तपास केला तेव्हा पकडलेल्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी निघाले. माझ्याच पेशाची पोरं. त्या आठवड्यात मला कामावर लॅपटॉप उघडावासा वाटत नव्हता. त्यानंतर माझ्या ओळखीच्या तीन मुलींनी आपली खाती बंद केली, आणि आपल्या घरांतून त्यांना कुणी थांबवलं नाही, उलट बरं झालं म्हणाले. संघटनेचं काम म्हणजे फोटो, लाइव्ह, रील असं ठरलं की मुली पहिल्या फटक्यात बाहेर पडतात. दप्तराच्या कामाला चेहरा लागत नाही. यादी करणं, पत्राचा मसुदा लिहिणं, पोर्टलवर रोज नजर ठेवणं, हिशेब लिहिणं. शिवाय हे काम मुलीच नीट करतात, हा माझा अनुभव. (पुरुष वाचकांनी राग मानू नये. मानलाच तर शीट भरून दाखवावी.)

मग दप्तर मांडायचं कसं? मी काही मोठं सॉफ्टवेअर सांगणार नाही. एक गूगल शीट पुरते. रकाने हे: क्रमांक, तारीख, कोणत्या वर्गाची तक्रार, कशाबद्दल, कुणाकडे अर्ज दिला, आवक क्रमांक, उत्तर कधी आलं, काय आलं. तक्रारदाराचं नाव आणि फोन दुसऱ्या शीटमध्ये, आणि ती दोघांशिवाय कुणाला उघडता येणार नाही अशी. ही गोष्ट मी ठासून सांगतो. संघटनांचे फॉर्म मी पाहिलेत. त्यात आधार नंबर, जात, बँकेचं पासबुक सगळं मागतात आणि शीट "लिंक असलेल्या कुणालाही" उघडी. मदत करायला निघालेले आपण, आणि 200 पोरांची माहिती चौकात टांगून ठेवतो. आधारचा फोटो ग्रुपवर मागू नका. कधीच.

महाडीबीटीचंच घ्या. अर्ज विद्यार्थ्याकडून कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे, मग मंजुरी, मग आधार जोडलेल्या खात्यात पैसे. प्रत्येक टप्पा पोर्टलवर दिसतो. एकट्या पोराला वाटतं, माझंच नशीब फुटकं. 60 पोरांनी आपापला टप्पा आणि तारीख एका शीटमध्ये लिहिली की चित्र उभं राहतं. 45 जणांचे अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून असतील, तर मोर्चा मुंबईला न्यायची गरज नाही, दोन जिने चढून ऑफिसात जायचंय. बाकीच्यांचं बँक खातं आधारला जोडलेलं नसेल, तर ते काम बँकेत आहे. 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद झाली. आपण डीपी काळे केले. पण कोल्हापूर जिल्ह्यात याचा फटका किती पोरांना बसला, ही यादी माझ्या ओळखीच्या एकाही संघटनेकडे नव्हती. आमदाराकडे जायचं तर काय घेऊन जायचं?

शीट भरली की पुढचं दार कायद्यानं उघडं आहे. विद्यार्थी तक्रार निवारणाचे यूजीसीचे नियम 2023 मध्ये आले. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी, तक्रार द्यायला ऑनलाइन पोर्टल हवं, आलेली तक्रार 15 दिवसांत समितीपुढे जायला हवी, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. आपल्या कॉलेजचं पोर्टल आहे का, हे एकदा बघा तरी. नसेल तर संघटनेची पहिली तक्रार तीच. त्यानंही काही हललं नाही तर माहितीचा अधिकार. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. आपलं गाऱ्हाणं 150 शब्दांत मांडायला शिकलात, तर आयुष्यभर उपयोगी पडेल. मला ऑफिसात ईमेल लिहिताना अजून पडतं.

सोशल मीडिया यात कुठे येतो? तीन ठिकाणी, माझ्या मते. एक, तारखा सांगायला. फॉर्मची मुदत, परीक्षेचं वेळापत्रक, आणि ते फोटोत नाही तर मजकुरात, मराठीत. फुलांच्या चौकटीतलं पोस्टर आठवड्यानं शोधून सापडत नाही, मजकूर शोधला की सापडतो. दोन, खोटं पकडायला. परीक्षेच्या हंगामात "पेपर पुढे ढकलला" असं खोटं परिपत्रक ग्रुपवर हमखास फिरतं. संघटनेच्या चॅनेलवर तासाभरात "हे खोटं आहे, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असं काही नाही" एवढं आलं, की पुढच्या वेळी पोरं आधी तुमच्याकडे विचारतील. बातमीची खातरजमा करा, हे आपल्याला मदरशात शिकवलेलंच आहे, नवीन नाही. तीन, काम झाल्यावर सांगायला. कुणामुळे झालं यापेक्षा काय झालं ते. "12 जणांचं डिपॉझिट परत मिळालं, अर्जाची प्रत खाली" ही पोस्ट कुठल्याही गाण्याच्या रीलपेक्षा संघटना वाढवते.

तणावाच्या दिवसासाठी नियम आधीच लिहून ठेवा, त्या दिवशी सुचत नाहीत. ग्रुप "फक्त ॲडमिन"वर टाकायचा. संघटनेच्या नावानं रात्री काहीही पोस्ट करायचं नाही. आपल्याविरुद्ध काही आलं तर फॉरवर्ड नाही, स्क्रीनशॉट घ्यायचा, लिंक आणि वेळ लिहायची, आणि दोन मोठी माणसं सोबत घेऊन पोलिसांकडे किंवा केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार द्यायची. ॲडमिन होण्याची पोरांना भीती असते. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय की सभासदानं टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, दोघांचा मिळून हेतू असावा लागतो. तरी चौकशीला तुम्हालाच बोलावतील, तेव्हा असली पोस्ट दिसताच काढून टाका.

आणि किल्ली. विद्यार्थी संघटना तीन वर्षांत मरते, कारण पोरं पास होऊन जातात. पेजचा पासवर्ड एकाच्या डोक्यात, रिकव्हरी नंबर त्याच्या जुन्या सिमचा, तो आता बंगळुरूला. मी अशी पेजं पाहिलीत, जिथे 2018 पर्यंत विद्यार्थ्यांचे प्रश्न आहेत आणि पुढे मोबाइल कव्हरच्या जाहिराती. संघटनेचं ईमेल संघटनेच्या नावानं काढा. किल्ली तिघांकडे, त्यातला एक पहिल्या वर्षाचा. दरवर्षी जूनमध्ये हस्तांतरणाची मिटिंग, पासवर्ड बदलायचा, शीट दाखवायची, सही घ्यायची. स्वतःचं संकेतस्थळ हवंच असेल तर वर्षाला हजार-पंधराशे रुपयांत नाव मिळतं. लिंगडोह समितीनं 2006 मध्ये उमेदवाराच्या खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा घातली आणि छापील पोस्टरं बंद केली, तेव्हा सगळे हसले होते. तेवढ्यात आज तीन वर्षांचं संकेतस्थळ चालतं.

शेवटचा मुद्दा टोचेल. त्या पोरांच्या लोगोत चाँद-सितारा होता. मी विचारलं, बस चुकते ती फक्त आपल्या पोरांची चुकते का? धाकटा म्हणाला, "भाई, आपल्यासाठी कोण बोलतंय पण?" प्रश्न खोटा नाही. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तरही नाही. फेलोशिप बंद होते ती आपलीच होते, टोपी बघून मारतात ते आपल्यालाच. त्यासाठी आपल्या संघटना हव्यात, ही चळवळ त्यासाठीच आहे. पण कॉलेजातली संघटना वेगळी ठेवली तर 200 जणांत आपण 20, आणि ऑफिसातला माणूस 20 सह्या बाजूला ठेवतो. दसरा चौकात 1906 पासून मुस्लिम बोर्डिंग उभं आहे. शाहू महाराजांनी जातीजातींची बोर्डिंगं काढली, आपलं बोर्डिंग चालावं म्हणून स्वतः संस्थेचे अध्यक्ष झाले. पण कॉलेज वेगळं काढलं नाही. राहायला वेगवेगळी पोरं सकाळी एकाच राजाराम कॉलेजात जायची. मला वाटतं शीट त्या कॉलेजासारखी असावी. बोर्डिंगं आपापली असू देत.

गेल्या शुक्रवारी जुम्यानंतर ट्रेनिंगवाला पोरगा परत आला. फोनवर शीट उघडून दाखवली. 31 ओळी. पहिली तक्रार बसची, लिहिणारा मुडशिंगीचा एक पाटील. आवक क्रमांकाचा रकाना रिकामाच होता, कारण ऑफिसात नंबर द्यायला नाही म्हणाले. मी म्हटलं, अर्ज स्पीड पोस्टानं पाठव, पोस्टाची पावती तीच पोच. पावतीचा फोटो शीटला जोडायचा कसा, ते दाखवलं. लोगोचं त्यानं विचारलं नाही.